रोमच्या गेटोतला स्वयंपाक : तळलेलं फूल, ‘ज्यूंचं’ वांगं वगैरे

फोडणीकर

मार्च लागला की रोमच्या भाजीबाजारात एक करकर ऐकू येते. भाजीवाल्या बाया खुर्ची टाकून बसलेल्या असतात, उजव्या हातात बोटाएवढी वाकडी सुरी, डाव्या हातात आर्टिचोक नावाची मुठीएवढी फुलकळी. सुरी जागची हलत नाही, फूल फिरतं. बाहेरच्या जून पाकळ्या गोल गोल सुटून पायाशी पडतात आणि उरलेला ऐवज लिंबू पिळलेल्या पाण्याच्या बादलीत जातो. पाण्यात टाकला नाही तर कच्च्या केळ्यासारखा काळा पडतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाई अर्धी भाजी फेकून देतेय. घरी स्वतः सोलायला बसले तेव्हा कळलं की ती कमीच फेकत होती.

याचा रोममधला सगळ्यात नावाजलेला पदार्थ ‘कार्चोफी आल्ला जुदीया’, म्हणजे ज्यूंच्या पद्धतीचे आर्टिचोक. अख्खं फूल, थोडा देठ ठेवून, ऑलिव्ह तेलात दोनदा तळायचं. पहिल्यांदा मध्यम तेलात दहा-पंधरा मिनिटं, सुरीचं टोक सहज आत जाईपर्यंत. मग उपडं घालून निथळू द्यायचं, निवलं की बोटांनी पाकळ्या शेवंतीसारख्या उलगडायच्या आणि पुन्हा कडक तेलात सोडायचं. शेवटी ओल्या हाताने तेलावर पाण्याचा शिपका मारतात, त्याने पाकळ्या जास्त कुरकुरीत होतात. (शिपका मारताना मागे सरका. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.) बाहेरच्या पाकळ्या वेफरसारख्या, गाभा मऊसूत. वर मीठ. ना मसाला, ना चटणी.

तीन वर्षं रोमला होते. आमच्या घरमालकीणबाई पक्क्या कॅथलिक, रविवार चुकवायच्या नाहीत, पण हा पदार्थ ‘आमचा रोमचा’ म्हणून कौतुकाने खिलवायच्या. नावातच ज्यू असलेला पदार्थ यांचा कधी झाला, हे कुतूहल तिथून सुरू झालं.

आधी थोडं ज्यू खाण्याबद्दल, कारण ‘ज्यू पाककृती’ असं म्हटलं तर हाताला एक काहीच लागत नाही. पोलंडच्या ज्यूचं ताट आणि मोरोक्कोच्या ज्यूचं ताट यांत वरण आणि सांबार यांच्याइतकंसुद्धा नातं नसतं. सारखे असतात ते कोशरचे, म्हणजे खाण्यापिण्याचे धार्मिक नियम. डुक्कर वर्ज्य. पर आणि खवले असलेलाच मासा चालतो, म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. मांस आणि दूधदुभतं एका जेवणात नाही, भांडीसुद्धा वेगळी. मांसातलं रक्त मीठ लावून काढून टाकायचं. आणि शुक्रवारचा सूर्यास्त ते शनिवारची रात्र, म्हणजे शब्बाथला, विस्तव पेटवायचा नाही. या चौकटीत राहून जो तो आपल्या गावच्या बाजारात जे मिळेल ते रांधतो.

रोममध्ये ज्यू इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासून आहेत. पोप यायच्या आधीपासून. पण १५५५ साली चौथ्या पॉल पोपने फर्मान काढून त्यांना टायबर नदीकाठच्या सखल, पुराचं पाणी शिरणाऱ्या तुकड्यात भिंत घालून कोंडलं. तो तुकडा म्हणजे गेटो. रात्री दरवाजे बंद. घर-जमीन मालकीची नाही, धंदा मुख्यतः जुन्या कपड्यांचा. हे १८७० पर्यंत चाललं, म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं.

गेटोला लागूनच शहराचा मासळीबाजार होता, पोर्तिको द’ओत्ताविया या जुन्या रोमन कमानींच्या आडोशाला. तिथे भिंतीवर आजही एक संगमरवरी पाटी आहे, वर मासा कोरलेला. लॅटिनमध्ये हुकूम असा की या पाटीपेक्षा लांब मासा सापडला तर त्याचं डोकं, पहिल्या परांपर्यंत, शहराच्या कारभाऱ्यांना द्यायचं. कोकणी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. डोक्यात काय असतं ते कारभाऱ्यांना ठाऊक होतं! बाजार उठल्यावर उरलेली लहान डोकी, काटे, शेपट्या गेटोतल्या बायका न्यायच्या आणि त्यांचं सार करायच्या, असं सांगतात. ते ‘ब्रोदो दी पेशे’ आज तिथल्या हॉटेलांत चांगल्या भावाने मिळतं.

तसंच ‘अलिचोत्ती कोन लिंदीव्या’. अलिचे म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, बाजारातला सगळ्यात स्वस्त. त्याचा आणि कडवट एंडाइव्हच्या पानांचा थरावर थर, तेल, मीठ, आणि भट्टीत. पानांना पाणी सुटतं, ते आटतं, मासा त्यात विरघळल्यासारखा होतो. दोनच जिन्नस, पण मला हा आर्टिचोकपेक्षाही आवडतो.

आणि तळण. बाकी रोम डुकराच्या चरबीत तळायचं. ज्यूंना ती चालत नाही, लोणी मांसाबरोबर चालत नाही, मग राहिलं ऑलिव्ह तेल. भाजी, मासा, खारवलेला कॉड, सगळं पिठात घोळवून तेलात. त्यात ते इतके तरबेज झाले की गेटोची तळणीची दुकानं प्रसिद्ध झाली. आज रोमच्या पिझ्झेरियात आधी तळलेला कॉड मागवतात, त्याचं मूळ या कढयांत आहे असं माझं मत. कुणाला खोडायचं असेल तर खोडा.

तिखटमीठ

वा! वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न, आर्टिचोक म्हणजे पिझ्झ्यावर आंबटढाण तुकडे असतात तेच का? बरणीतले? मला ते ओल्या पुठ्ठ्यासारखे लागतात.

फोडणीकर

तेच, पण बरणीतल्यावरून पारख करू नका. कैरीच्या लोणच्यावरून हापूस कसा असेल ते ठरवल्यासारखं होईल.

करडईचं बोंड पाहिलंय ना? आर्टिचोक त्याच कुळातला. करडईचं बोंड फुलायच्या आधी मुठीएवढं झालं तर कसं दिसेल, तसं. बहुतेक जातींना काटे आणि पोटात खवखवणारे केसर असतात. रोमजवळची जात गोल, बिनकाट्यांची, आत केसर जवळजवळ नाही, म्हणूनच अख्खी तळता येते.

जुनाखोड

लेख रंजक आहे. पण हल्ली एक फॅशन आहे, प्रत्येक पदार्थाचं ‘खरं मूळ’ भलतीकडेच शोधायचं. इटलीत ज्यूंची संख्या नेहमीच मूठभर. त्यांनी अख्ख्या देशाच्या स्वयंपाकावर प्रभाव टाकला म्हणायला काही लेखी आधार आहे का? नावात ‘जुदीया’ आहे हा पुरावा होत नाही. आपल्याकडे चायनीज भेळ मिळते, ती चीनने पाठवलेली नाही.

फोडणीकर

चायनीज भेळ मान्य :)

लेखी आधार वांग्याचा आहे, आणि तो चांगला भक्कम आहे. पेल्लेग्रिनो आर्तुझी हा इटालियन घरगुती स्वयंपाकाचा मोठा माणूस, त्याचं पुस्तक १८९१ चं. इटलीत अजून घराघरात असतं. स्वतः ज्यू नव्हता. वांग्याबद्दल लिहिताना तो सांगतो की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी आणि बडीशेपेचे कांदे क्वचित दिसायचे, कारण ते ज्यूंचं खाणं म्हणून लोक नाक मुरडायचे. पुढे तो टोमणाही मारतो की याही बाबतीत ख्रिश्चनांपेक्षा ज्यूंचं नाक जास्त तीक्ष्ण निघालं. म्हणजे १८५० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये वांगं ही ज्यूंची भाजी होती. आज वांग्याशिवाय इटालियन जेवणाची कल्पना करून बघा.

वांगं त्यांच्याकडे कसं? अरबांनी सिसिलीत आणलं. सिसिलीत ज्यू शेकडो वर्षं राहत होते. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना हाकललं तेव्हा सिसिली त्यांच्याच ताब्यात होती, त्यामुळे तिथूनही हकालपट्टी झाली. पुढे १५१० आणि १५४१ मध्ये नेपल्सच्या राज्यातून. दक्षिण इटली रिकामी झाली आणि ही माणसं रोमला, आणखी उत्तरेला सरकली. त्यांच्या खाण्याच्या सवयी त्यांच्याबरोबर गेल्या.

जुनाखोड

आर्तुझीचा दाखला चांगला आहे, मान्य. बाकी ख्रिश्चन इटली वांग्याला का घाबरत होती हेही सांगायला हवं होतं. ‘मेलान्झाना’ हे नाव त्यांनी ‘मेला इन्साना’, म्हणजे वेडं फळ, असं फोडून घेतलं होतं. खाल्लं की डोकं फिरतं अशी समजूत.

पण मग टोमॅटोही ज्यूंनी आणला असं आंतरजालावर छापून येतं, त्याचं काय? लिव्होर्नोचा तांबडा मासा टोमॅटोत शिजवतात त्याचा दाखला देतात.

फोडणीकर

टोमॅटोचं मला पटत नाही. लिव्होर्नोची गोष्ट मात्र खरी आणि वेगळी आहे. १५९१ आणि १५९३ साली तोस्कानाच्या फेर्दिनांदो मेदिचीने बंदर भरभराटीला यावं म्हणून सनदा काढून परदेशी व्यापाऱ्यांना बोलावलं, त्यात स्पेन-पोर्तुगालमधून हाकललेले ज्यूही आले. तिथे गेटो कधीच नव्हता. ते लोक उत्तर आफ्रिकेशी व्यापार करायचे, म्हणून लिव्होर्नोच्या ज्यू घरांत कुसकुस होतो आणि आर्तुझीच्या पुस्तकातही त्याची कृती आहे. टोमॅटोतला तांबडा मासा त्यांच्याकडे होता, आहे, पण टोमॅटो स्पेनच्या जहाजांतून आला आणि ती जहाजं एकट्या ज्यूंची नव्हती.

व्हेनिसच्या ‘सार्दे इन साओर’बद्दलही मी हात आखडता घेते. तळलेल्या तारल्या, भरपूर परतलेला कांदा, व्हिनेगर, बेदाणे, चिलगोजे. ज्यू घरांत हे शब्बाथसाठी आदल्या दिवशी करून ठेवतात. पण व्हेनिसच्या खलाशांनाही टिकणारा मासा हवाच होता, आणि बेदाणे-चिलगोजे सिसिलीच्या अरबी खाण्यातही आहेत.

जुनाखोड

आता वाद घालण्यात मजा राहिली नाही. पुढील लेखनास शुभेच्छा.

शनवारतेली

सदस्यनावावरून काहींनी ओळखलं असेल. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, मूळ अलिबागकडचे, आता ठाण्यात. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. रोमचे लोक तेलात तळायचे हे वाचून हसू आलं.

फोडणीकरताई, तुम्ही दूध-मांसाचा नियम सांगितलात, त्याला आमचं कोकणी उत्तर नारळ. आजी मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घालायची. त्यात दही कधी पडलं नाही. नव्या वर्षाला चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधात, म्हणजे मटणाच्या जेवणावर खाल्ला तरी चालतो. गहू भिजवून, वाटून, चीक काढायचा, आणि मग तासन्‌तास हलवत बसायचं. घरातल्या तरुण पोरांना आळीपाळीने कालथा धरायला लावायचे. माझा उजवा दंड त्यानेच कमावलाय.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषित, यांच्या नावाने करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांचं ठिकाण आहे, नवस फेडायला तिथे जातात. सणांची जुनी नावंसुद्धा खाण्यावरून: खिरीचा सण, बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास आम्ही वालाच्या बिरड्यावर सोडतो, हे दुसऱ्या ज्यूंना सांगितलं की ते डोळे विस्फारून बघतात.

एक विचारायचं होतं. पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) आठवड्यात इटलीवाले भात खातात का? आमच्याकडे चालतो. पण युरोपातल्या पुष्कळ ज्यूंना चालत नाही म्हणे.

फोडणीकर

काय सुंदर प्रतिसाद! वेगळा धागा काढा, ही आज्ञा समजा.

हो, पेसाखला इटालियन ज्यूंकडे भात सर्रास चालतो. पूर्व युरोपातल्या अश्केनाझी लोकांकडे तांदूळ, डाळी वर्ज्य धरायची रूढी आहे. इटलीचे जुने ज्यू त्यांच्यातलेही नाहीत आणि स्पेनकडच्या सेफार्दींतलेही नाहीत. त्यांची तिसरीच, रोमन परंपरा.

मिलानोकर

इटलीतून हजेरी. फोडणीकर सगळं रोमचंच सांगतात, उत्तरेलाही बघा की. ‘गेटो’ हा शब्दच व्हेनिसचा. तिथे १५१६ मध्ये ज्यूंना ज्या बेटावर कोंडलं तिथे आधी धातूची ओतशाळा होती, ‘जेतो’, त्यावरून शब्द आला असं बहुतेक अभ्यासक मानतात.

उत्तरेत ऑलिव्ह कमी, मग चरबी कुठली? पाळीव हंसाची. डुकराचं जे जे करतात ते सगळं ज्यूंनी हंसाचं केलं, सलामी, हॅम, कढवलेली चरबी. आमच्या इथून तासाभरावर मोर्तारा नावाचं गाव आहे, तिथली हंसाची सलामी प्रसिद्ध. मी आमच्या ऑफिसातल्या एका ज्यू सहकाऱ्यासाठी मोठ्या हौसेने घेऊन गेलो. त्याने वेष्टण उलटून मागची बारीक अक्षरं वाचली आणि हसत परत दिली. सरकारी मानांकनाच्या नियमाप्रमाणे आता त्या सलामीत डुकराचं मांस आणि चरबी असतेच! पदार्थाने पूर्ण धर्मांतर केलेलं.

फेर्रारा-व्हेनिसकडे ‘फारोचं (इजिप्तच्या राजाचं) चाक’ नावाचा प्रकार आहे. शेवयांसारख्या लांब पट्ट्यांचा पास्ता, हंसाची चरबी, सलामीचे तुकडे, बेदाणे, चिलगोजे, सगळं गोल भांड्यात घालून भट्टीत. समुद्र दुभंगला तो प्रसंग सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, वाचतात त्या आठवड्यात करतात. पास्ता म्हणजे लाटा, मधूनमधून डोकावणारे तुकडे म्हणजे बुडणारे फारोचे सैनिक. मुलं सैनिक मोजून खातात म्हणे.

तिखटमीठ

बुडणारे सैनिक, हाहा.

आर्टिचोक पुण्यात मिळणार नाहीत. घरी करता येईल असं काही सांगा ना. शाकाहारी.

फोडणीकर

कोन्चा करा. झुकिनी आता मिळते. बोटभर जाडीच्या नाही, रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावी तेवढ्या जाडीच्या चकत्या करा. कापडावर पसरून दोन-तीन तास उन्हात किंवा पंख्याखाली सुकवा. ही पायरी गाळू नका, सगळी मेख तिथे आहे, ओल्या चकत्या तेल पितात आणि लिबलिबीत होतात. मग चांगल्या तांबूस होईपर्यंत तळा. पसरट भांड्यात एक थर, त्यावर मीठ, लसणाचे तुकडे, पुदिना किंवा बेसिल, चमचाभर व्हिनेगर, मग पुढचा थर. झाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी गारच खायची, पावात भरून उत्तम. शनिवारी विस्तव नाही म्हणून शुक्रवारीच करून ठेवण्यासारखा पदार्थ, शिळा होतो तसा चढतो.

वांग्याचे काप करणारीला हे जमणारच.

तिखटमीठ

केलं. घशाला फेस आला. एवढं आंबट खातात?

फोडणीकर

व्हिनेगर कुठलं घातलंत?

तिखटमीठ

घरात होतं ते. पांढरं. चायनीजवर घालतो ते.

फोडणीकर

अगंबाई. ते कृत्रिम, नुसतं ॲसिडचं पाणी. द्राक्षाचं व्हिनेगर पाहिजे, नसेल तर सफरचंदाचं थोडं पाणी घालून. आधीची कोन्चा टाकू नका, व्हिनेगर निथळून काढा, वर ऑलिव्ह तेल घाला, अजून एक दिवस ठेवा.

बारकावे

मध्यंतरी बातमी वाचल्यासारखी आठवते की इस्रायलच्या धर्मगुरूंनी हा आर्टिचोक कोशर नाही असं ठरवलं होतं?

फोडणीकर

हो, २०१८ ची गोष्ट. किडा-मुंगी वर्ज्य आणि मिटलेल्या पाकळ्यांत किडे लपू शकतात, अख्खं फूल नीट तपासता येत नाही, असा इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा आक्षेप. पेसाखच्या सुमाराला, म्हणजे ऐन हंगामात. रोमच्या ज्यूंनी साफ झिडकारलं. त्यांचं म्हणणं, आमच्या जातीच्या पाकळ्या इतक्या घट्ट असतात की किडा आत शिरूच शकत नाही, आणि आमच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या निवडतायत, त्यांना कळतं. हॉटेलांत आर्टिचोक चालूच राहिले.

शनवारतेली

आजीचा मेथी निवडण्याचा कार्यक्रम आठवला. चष्मा लावून, एकेक पान उजेडाला धरून. आम्हाला वाटायचं तिला दिसत नाही म्हणून. ते किड्यांसाठी होतं हे फार उशिरा कळलं.

गेटोत आता कोणी ज्यू राहतात का, की फक्त हॉटेलं?

फोडणीकर

राहतात, थोडे. शाळा आहे, सिनेगॉग आहे, संध्याकाळी आज्या बाकांवर बसून मोठ्याने गप्पा मारतात. पण दारांसमोरच्या फरसबंदीत पितळी चौकोन बसवलेत, एकेकावर एकेक नाव. १६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे जर्मनांनी इथून आणि बाकीच्या रोममधून माणसं उचलली, हजाराहून जास्त जणांना आउश्विट्झच्या छळछावणीत नेलं. परत आले १६. पर्यटक आर्टिचोकच्या रांगेत उभे असतात तेव्हा पायाखाली ते चौकोन असतात. मीही पहिले सहा महिने पाहिले नव्हते.

त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बेकरी आहे, पाटी नाही. तिथे ‘पिझ्झा एब्राइका’ मिळतो. नावाचा पिझ्झा, प्रत्यक्षात बदाम, बेदाणे, चिलगोजे, साखरेत मुरवलेली फळं ठासून भरलेली विटेसारखी वडी, वरून जवळजवळ जळलेली. पहिल्यांदा मी मुकाट्याने जळका भाग खरवडून काढला. मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनी माझा हात धरला आणि रोमनमध्ये जे बोलल्या ते सगळं कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. साय बाजूला काढणाऱ्या पोराला आपल्याकडे ऐकवतात तो. त्याच बेकरीत रिकोटा आणि आंबट चेरीचा केक मिळतो, वरून पूर्ण झाकलेला. पोपच्या काळात ज्यूंना दुधाचे पदार्थ विकायला बंदी होती म्हणून रिकोटा पिठाखाली लपवायचे, अशी कथा सांगतात. कथा असेल. शुक्रवारी दुपारी गेलात तर मात्र रांग लावा, संध्याकाळी बंद आणि शनिवारीही बंद.

तिखटमीठ

अपडेट. निथळून, तेल घालून अजून एक दिवस ठेवली. सासूबाईंनी ‘हे शिळं काय डब्यात’ म्हणून विचारलं, चव घेतली, आणि आता भाकरीबरोबर निम्मा डबा संपवलाय. पुढच्या वेळी वांग्याची करू का?

फोडणीकर

करा की. वांग्याचीही करतात. पण आधी मीठ लावून पाणी काढा, आणि व्हिनेगर बदला!